गहू गेला, गुबारा राहिला

मराठी माणसाच्या पोटाविषयी बोलायला त्याची परवानगी लागत नाही. पगार विचारायचा तर लोक आधी पावसापाण्याची दोन वाक्यं बोलतात, घर स्वतःचं की भाड्याचं याचा अंदाज घेतात आणि मग हळूच मुद्द्यावर येतात. पोटाला एवढाही मान नाही. मंगल कार्यालयात हातात अक्षता घेऊन शेजारी उभे असलेले गृहस्थ, ज्यांना आपण मुलाकडचे की मुलीकडचे हेही माहीत नसतं, 'चेहरा उतरलेला दिसतोय, पोट साफ होतं ना?' असं दोन मंगलाष्टकांच्या मध्ये विचारू शकतात. आपण उत्तर जुळवेपर्यंत ओवा, बाळहिरडा आणि एरंडेल या तिन्हींची शिफारस झालेली असते. वाजंत्री सुरू होईपर्यंत किती चमचे घ्यायचं तेही ठरतं.

अशा समाजात सिलिॲकचा रुग्ण होणं म्हणजे सार्वजनिक जीवनात पडणंच.

हा रोग काय ते एका दमात सांगून टाकतो. दर कार्यात सांगावं लागतं, त्यामुळे पाठ आहे. गहू, जव आणि युरोपातली ती राय, या धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिनं असतात. कणकेला ओढ येते, पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, ही सगळी त्यांची करणी. बहुतेकांच्या पोटात ती गुमान जातात. काहींच्या जनुकांत मात्र अशी मेख असते की ग्लूटेन आत आलं की शरीराचे पहारेकरी खवळतात आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडतात. आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखी लव असते. अन्नातलं सत्त्व टिपून घ्यायचं काम तिचं. मार खाऊन खाऊन ती झडते आणि टॉवेलचं पंच्यात रूपांतर होतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. याला गोळी नाही, चूर्ण नाही, काढा नाही. ग्लूटेन जन्मभर बंद, एवढाच उपचार. उत्तर भारतात पाहण्या झाल्या तेव्हा शंभरात साधारण एकाला हा रोग निघाला. त्यातल्या बऱ्याच जणांना तो आहे याचा पत्ताही नसतो. 'मला जरा गॅसेसचा त्रास आहे' एवढ्या भांडवलावर ते आयुष्य काढतात.

माझ्या बाबतीत पहिली तक्रार पोटाने केलीच नाही, हिमोग्लोबिनने केली. बीट झालं, खजूर झाले, गूळ-शेंगदाणे झाले, लोखंडी कढईत पालेभाज्या झाल्या. रक्त जागचं हलेना. शेवटी एका डॉक्टरांनी वेगळी रक्ततपासणी लिहून दिली, मग तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा चिमटाभर तुकडा काढला, आणि अहवाल वाचून म्हणाले, "गहू बंद."

"किती दिवस?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून माझ्या वयाचा आणि एकंदर प्रकृतीचा हिशेब केला असावा. "बघू," म्हणाले.

कागदावर पाहाल तर मराठी माणसाइतका सोयीचा सिलिॲक रुग्ण जगात सापडायचा नाही. पंजाबातल्याने रोटी सोडायची म्हणजे घरदारच सोडायचं. आपल्याकडे ज्वारी आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. घाटावर बाजरी, खानदेशात कळण्याची भाकरी, कोकणात नाचणी, घावन, आंबोळ्या, तांदळाची भाकरी. गणपतीलासुद्धा आपण तांदळाच्या उकडीचे मोदक दाखवतो. देव मुळातच ग्लूटेनमुक्त. 2023 हे साल तर भारताच्या सांगण्यावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, आणि पाहुणे आले की आमच्या आईने पदराआड दडवलेली ती भाकरी मोठ्या हॉटेलांत 'मिलेट रोटी' या नावाने, बाजूला लोण्याचं फूल घेऊन मिरवू लागली.

एवढं सगळं असताना अडतं कुठे? अडतं ते आत्याकडे.

"आत्या, मला गहू चालत नाही."

"माहितीये मला. मी पोळी देणारच नाहीये. उपमा टाकते."

"उपम्यात रवा असतो."

"मग? रवाच आहे तो. गहू कुठाय?"

"रवा गव्हाचाच असतो, आत्या."

आत्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. पन्नासेक वर्षं रवा भाजलेल्या बाईला रवा कशाचा ते मी सांगत होतो. मग समजुतीच्या सुरात ती म्हणाली, "असेल गव्हाचा. पण मी चांगला खमंग भाजून घेते रे!"

भाजल्याने, आंबवल्याने, तुपात परतल्याने आणि देवापुढे ठेवल्याने ग्लूटेन मरतं अशी आमच्या घराण्यात पक्की समजूत आहे. या चार संस्कारांतून गेलेला कुठलाही पदार्थ मला चालायला हवा. न चालला तर तो माझा हट्ट. शेवया चालतील, त्या 'हलक्या' असतात. कुरडई चालेल, कारण तिच्यात गव्हाचा नुसता चीक. नानकटाई चालेल, ती बेकरीतून येते. सांगलीकडच्या मामांनी तर माझ्यासाठी मुद्दाम खपली गव्हाची पिशवी पाठवली. खपली हे जुनं वाण, खिरीला अप्रतिम, आणि हल्ली मधुमेहापासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यांवर सुचवलं जातं. पण शेवटी तोही गहूच, त्यातही ग्लूटेन आहेच. हे मामांच्या गळी उतरवायला मी फोनवर जंग जंग पछाडलं. "अरे, तुला तो बाहेरचा संकरित गहू बाधतो," मामा म्हणाले, "खपली आपला आहे." गहू आपला असेल हो, पण माझ्या आतड्याला आपपरभाव कळत नाही.

या सगळ्यांवर कडी करतात ते 'एका घासाने काय होतंय' म्हणणारे. एका घासाने काय होतं ते इटलीतल्या डॉक्टरांनी 2007 साली दाखवून ठेवलंय: दिवसाला फक्त 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं, तरी सिलिॲक रुग्णांच्या आतड्याची लव पुन्हा झडायला लागली. 50 मिलिग्रॅम म्हणजे घास दूरच राहिला, तो पोळीच्या डब्याच्या तळाशी उरलेला चुरा. आपल्याकडे पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं. हे आकडे मी चुलतभावाला ऐकवले. तो म्हणाला, "बरं, मग अर्धा घास घे."

पण नातेवाईक परवडले, ते निदान समोरून वार करतात. हिंग पाठीमागून करतो.

पोट दुखतंय? हिंग घाल. गुबारा धरलाय? बेंबीला हिंगाचा लेप लाव. वरणात हिंग, आमटीत हिंग, ताकात हिंग, लोणच्यात हिंग, आणि एवढं करून बाधलंच तर हिंगाष्टक चूर्ण. आता ती स्वयंपाकघरातली डबी उचला, चष्मा लावा आणि मागचा मजकूर वाचा. अस्सल हिंग हा इराण-अफगाणिस्तानकडच्या एका झाडाच्या मुळातून येणारा चीक. तो इतका उग्र की कोणी तसाच वापरत नाही; त्यात पीठ आणि खाद्य डिंक मिसळून तो माणसाळवतात. पुष्कळशा डब्यांत हे पीठ गव्हाचं असतं. म्हणजे गव्हाने बिघडलेल्या पोटावर आजीबाईच्या बटव्यातला पहिला उपाय घेतला की पोटात जाणार काय, तर गहू! तांदळाच्या पिठातला हिंग बाजारात मिळतो, पण त्यासाठी वाण्याच्या दुकानात डब्या उलट्यापालट्या करत उभं राहावं लागतं आणि मागे रांगेतल्या बायका 'एवढासा हिंग घ्यायला केवढी ही चिकित्सा' अशा नजरेने बघतात. मेतकुटाचंही तेच. आजाऱ्याला मऊ भात, वर तूप, मेतकूट, याहून सात्त्विक काही असू शकेल? मेतकुटात डाळी, तांदूळ, सुंठ आणि हिंगाच्या जोडीने परंपरेने मूठभर गहू भाजून घातलेला असतो. आजारी पडून बरं होण्याची सोयही अशी बंद.

मग मी सगळं सोडलं. रवा, मैदा, शेवया, मेतकूट, डबीतला हिंग, सोया सॉस घातलेलं ते चायनीज (त्या सॉसमध्येही बहुतेक वेळा गहू असतो), माल्ट घातलेली दुधातली पावडर, समोशाच्या तेलात तळलेला बटाटेवडा. हिमोग्लोबिन वर आलं. वजन वाढलं. डॉक्टर खूष झाले. आणि माझ्या पोटाने, जे आजवर बापडं गप्प बसलं होतं, त्याने तोंड उघडलं.

काय सांगू! सकाळी करपट ढेकर, दुपारी गुबारा, संध्याकाळी अशी गुडगुड की ऑफिसच्या मीटिंगमध्ये पलीकडच्याने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. चार दिवस कोठा जड, पाचव्या दिवशी पळापळ. गहू खात होतो तेव्हा असलं काही नव्हतं, असं मी म्हणालो मात्र, घरात जल्लोष झाला. "मी म्हणतच होते," आत्या फोनवर म्हणाली, "सवयीचं अन्न सोडलं की असंच होतं. चार पोळ्या खा बघू."

दोष कोणाला द्यायचा आणि श्रेय कोणाला, ही या रोगाची जुनीच भानगड आहे. 1924 साली न्यूयॉर्कमध्ये सिडनी हास नावाच्या बालरोगतज्ज्ञाने अशा खंगलेल्या मुलांना केळी खायला घातली. ब्रेड, बिस्किटं, बटाटे बंद आणि दिवसभर केळी. मुलं टुणटुणीत झाली. साऱ्या जगाने केळ्याचा जयजयकार केला आणि पुढे कितीतरी वर्षं आईबाप केळी सोलत बसले. ब्रेड बंद झाला म्हणून पोरं सुधारली, हे डोक्यात यायला युद्ध व्हावं लागलं. हॉलंडमधल्या विलेम डिके या डॉक्टरचा गव्हावर आधीपासून संशय होता. 1944-45च्या हिवाळ्यात तिथे असा दुष्काळ पडला की ब्रेड मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सगळा देश उपाशी, आणि सिलिॲकची मुलं मात्र सुधारत होती. युद्ध संपून ब्रेड परत आला तशी ती पुन्हा आजारली. 1950 साली डिकेने हे प्रबंधात मांडलं तेव्हा कुठे केळं निर्दोष, म्हणजे निष्क्रिय ठरलं आणि गहू पकडला गेला. माझ्या पोटात आता नेमकं उलट चाललं होतं. गहू हद्दपार झाला होता, पण दंगा चालूच. मग दंगेखोर कोण?

दंगेखोर होते गव्हाच्या जागी आलेले. पोळी गेली की माणूस उपाशी राहत नाही, दुसरं काहीतरी खातो, आणि मराठी घरात गव्हाशिवायचं 'दुसरं काहीतरी' म्हटलं की पहिलं नाव निघतं बेसनाचं. झुणका, पिठलं, धिरडी, कोथिंबीरवडी, अळूवडी, भजी, शेव. दुसरं नाव उपासाच्या पदार्थांचं. बायकोला उपास करणारी माणसं ठाऊक होती, ग्लूटेन न खाणारी नव्हती, त्यामुळे तिने मला सरळ उपासाच्या खात्यात टाकलं. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, मंगळवारी वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, बुधवारी राजगिऱ्याचं थालीपीठ, गुरुवारी बटाट्याचा कीस. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, पण एकादशी महिन्यातून दोनदाच येते, यात काहीतरी पूर्वजांचा अनुभव असणार. माझी रोज यायला लागली.

साबुदाण्याविषयी एकदा स्पष्ट बोललं पाहिजे. आपण ज्याला पवित्र मानतो तो दाणा म्हणजे मुळात दक्षिण अमेरिकेतल्या एका कंदाचा स्टार्च आहे. तमिळनाडूत सेलमकडे तो तयार होतो. खिचडीतले बटाटे, शेंगदाणे आणि मिरच्याही अमेरिकेकडूनच आलेल्या. विठोबाने अठ्ठावीस युगं विटेवर उभं राहून जे पाहिलं त्यातला बराच काळ आपल्या भक्तांपाशी उपासाची खिचडी नव्हती, तरी उपास होतच होते. त्या दाण्यात तंतू म्हणून काही नाही, नुसता स्टार्च. त्यावर तूप आणि दाण्याचं कूट. तो पोटात जाऊन बसतो तो बसतोच. एरवी वर्षातून पाच-सहा वेळा खाल्ला तर 'किती छान मोकळी झालीय' म्हणून कौतुक होतं. रोज खाऊन पाहा, खिचडी मोकळी आणि माणूस बांधलेला.

म्हणून ग्लूटेनमुक्त ब्रेड आणला. साध्या ब्रेडच्या कितीतरी पट महाग, आकार मात्र तान्ह्या मुलाच्या उशीएवढा. ग्लूटेन नसलं की पीठ धरून राहत नाही, म्हणून त्यात काय काय घालतात ते पाकिटावर होतं. टॅपिओका स्टार्च, म्हणजे तोच तो साबुदाण्याचा कंद. बटाट्याचा स्टार्च. गवारीच्या बियांचा डिंक. आणि बांधणीसाठी इसबगोल. इसबगोल! जे आमचे वडील रात्री कोमट दुधातून घेत आणि सकाळच्या वर्तमानपत्राबरोबर ज्याचा निकाल लागे, ते आता ब्रेड होऊन ताटात आलं होतं. एका स्लाइसमध्ये बांधणारा आणि सोडवणारा शेजारी शेजारी. कोण जिंकलं ते विचारू नका. दोघंही जिंकले, आळीपाळीने.

डॉक्टरांकडे गेलो. ते आनंदाने म्हणाले की हे अपेक्षितच आहे. आनंदाने म्हणाले याचा मला राग आला. गहू सोडूनही पोट कुरकुरत असेल तर आधी चोरून कुठून ग्लूटेन जातंय का ते बघायचं, ते म्हणाले, आणि तसं नसेल तर बाकीच्यांची झडती घ्यायची. दूध घेता? घेत होतो. दुधातली साखर पचवणारा पाचक रस आतड्याच्या त्या लवेच्या अगदी टोकाशी असतो. लव झडलेली आहे तोवर दूध पचत नाही. ती पुन्हा उगवली की पुष्कळांना पचायला लागतं. तोवर बासुंदी, खीर, केशरी दूध, सगळं लांबूनच. डाळी? बेसन? कांदा? लसूण? मी प्रत्येकाला मान डोलावत गेलो. "हे सगळं फॉडमॅप," डॉक्टर म्हणाले.

फॉडमॅप हे प्रकरण मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातलं. काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात, आणि त्या मेजवानीचा वायू आपल्याला सोसावा लागतो. हरभरा, राजमा, दूध, सफरचंद, आंबा, कांदा, लसूण हे सगळे त्या यादीत. आणि मजा म्हणजे गहूसुद्धा, पण ग्लूटेनमुळे नव्हे, त्याच्यातल्या फ्रक्टान नावाच्या साखरेमुळे. 2018 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी, सिलिॲक नसताना आपल्या मनाने गहू सोडलेल्या 59 जणांना, एकसारखे लागणारे म्यूसलीचे बार खायला घातले. एकात ग्लूटेन, एकात फ्रक्टान, एकात दोन्ही नाही. कोणता कुठला हे खाणाऱ्याला ठाऊक नाही. पोट सगळ्यात जास्त फुगलं ते फ्रक्टानच्या बाराने. म्हणजे सिलिॲक नसलेल्या त्या फॅशनेबल मंडळींच्या घरात ग्लूटेन विनाकारण बदनाम, आणि माझ्या घरात खरोखरचा गुन्हेगार असून आत्या त्याच्या जामिनाला उभी. काव्यगत न्याय म्हणावा तर तोही नाही.

"थोडे आठवडे कांदा-लसूण बंद करून बघा," डॉक्टर म्हणाले. आता एक लक्षात घ्या. गहू बंद म्हणजे एकादशी. कांदा-लसूण बंद म्हणजे चातुर्मास. दूधही नाही, म्हणजे एकादशीच्या घरी शिवरात्र. मी विचारलं, भाजीला मग चव कशाने आणायची? डॉक्टरांनी पॅडवर लिहिता लिहिता, वर न बघता सांगितलं, "हिंग वापरा."

या सगळ्यातून एक गोष्ट शाबूत राहिली ती ज्वारीची भाकरी. पोटाला ती मानवत होती. पण भाकरी करायची तर पीठ हवं, पीठ हवं तर दळण हवं, आणि दळण म्हणजे आमच्या कोपऱ्यावरची गिरणी.

ती गिरणी चालवतात बापू. भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळीवर पीठ. त्यांच्या अंगावर जेवढा गहू असतो तेवढ्यात माझ्यासारखे चार जण अंथरुणाला खिळतील. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्यांना रोगाची सगळी हकीकत सांगितली. जात्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा लोकवन अडकलेला असतो, तो माझ्या ज्वारीत उतरतो, तेव्हा आधी गिरणी साफ करून घ्याल का? बापूंनी पट्ट्याच्या आवाजात अर्धं ऐकलं. "काही होत नाही," ते म्हणाले, "वरचं मूठभर पीठ बाजूला काढतो." आणि मागच्या बाईंच्या गव्हावर माझी ज्वारी ओतायला निघाले. मी डबा घट्ट धरून ठेवला. रांग मागे कुरकुरायला लागली. तेवढ्यात एक आजी पुढे सरकल्या, हातात छोटी पिशवी. "बापू, उपासाचं आहे हो."

बापूंनी बटण बंद केलं. जातं थांबेपर्यंत हात जोडून उभे राहिले. मग वरचा कणगा काढला, कुंचल्याने कोपरे झाडले, पिठाच्या तोंडाची कापडी बाही सोडून उलटी करून झटकली, दुसरी स्वच्छ बाही बांधली, आजींचीच मूठभर वरई दळून फेकून दिली आणि मग उरलेलं दळलं. एवढी निगा माझ्या दुर्बिणीच्या तपासणीतही राखली गेली नव्हती.

माझी पाळी आली. ज्वारी उपासाला चालत नाही हे बापूंना माहीत, मलाही माहीत. मी म्हणालो, "बापू, काशीला गेलो होतो. गहू सोडून आलोय."

गिरणीत शांतता पसरली. काशीला जाऊन एखादी आवडती गोष्ट सोडायची ही जुनी रीत, आणि त्यातली पळवाटही तितकीच जुनी. "आमच्या वडिलांनी पडवळ सोडलं होतं," बापू म्हणाले. "मावशीनं कारलं. पण गहू?" त्यांनी माझ्या हातातला डबा असा घेतला की जणू मीच गंगा घेऊन आलो होतो. बटण बंद झालं. कुंचला निघाला. "जन्मभर?" त्यांनी विचारलं. "जन्मभर," मी म्हणालो, आणि एवढं एक तरी खरं होतं.

तेव्हापासून माझं दळण पहाटे, गिरणी उघडल्या उघडल्या, स्वच्छ जात्यावर होतं. डॉक्टरांचा अहवाल जे करू शकला नाही ते काशीविश्वेश्वराने केलं. अडचण एवढीच झाली की गल्लीत माझ्या वैराग्याची वार्ता पसरली. बायका मला वाट देऊ लागल्या. एकीने मुलाला दहावीच्या परीक्षेआधी माझ्या पाया पडायला पाठवलं. आणि गिरणीत नवं जातं बसवलं तेव्हा बापूंनी सत्यनारायण घातला आणि मला आग्रहाचं बोलावणं केलं.

मी जायचं टाळणार होतो. सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे सव्वाच्या मापाने रवा, तूप, साखर, दूध आणि केळं. माझ्या पोटाची सगळी प्रतिवादी मंडळी एका द्रोणात, पैकी फक्त केळं निर्दोष. शिवाय तो नाकारता येत नाही. कथेतली कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद न घेता धावली तर नवऱ्यासकट नाव बुडाली, हे गुरुजी दर वेळी माझ्याकडेच बघून सांगतात असा मला संशय आहे. पण बापूंचं मन मोडणं म्हणजे पहाटेचं दळण मोडणं. गेलो.

प्रसादाचं ताट माझ्यापाशी आलं आणि बापूच आडवे आले. "त्यांना शिरा नको! काशीचा नेम आहे त्यांचा." माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. या जगात पहिल्यांदाच कोणीतरी, मी न सांगता, रवा गव्हाचा असतो हे ओळखलं होतं. शेवटी माणूस गिरणीवाला.

"तुमच्यासाठी वेगळं केलंय," बापू म्हणाले, आणि आतल्या खोलीत नेलं. पाट, ताटाभोवती रांगोळी, समोर समई. वहिनींनी नेमाच्या माणसाला काय चालेल, काय नाही याची जोखीम घेतली नव्हती, सरसकट उपासाचं रांधलं होतं. साबुदाण्याची खिचडी, तिचा डोंगर. वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याची पुरी, आणि वाटीत आटवलेलं केशरी दूध. वाढायला तीन बायका, दारात बघायला बाकीची गल्ली. व्रती माणसाने पानात टाकायचं नसतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी जेवलो. खिचडी संपत आली की डाव येई, दूध संपलं की वाटी भरे. 'संकोच करू नका, एवढा मोठा नेम करता, अंगात ताकद पाहिजे,' असं दारातून कोणीतरी म्हणत होतं.

शेवटी पाटावरून उठताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. ते वहिनींच्या नजरेतून सुटलं नाही. त्या लगबगीने आत गेल्या आणि पितळेचा पेला भरून घेऊन आल्या.

"हा मठ्ठा घ्या, सगळं पचून जाईल. चांगला दाबून हिंग लावलाय."

"वहिनी," मी म्हटलं, "हिंगाची डबी जरा बघायला मिळेल?"